डाव्या दाराचा रंग

दिवाकर क्षेमकल्याणी यांनी घरातल्या कुठल्याही वस्तूला कधी 'पास' म्हटलेलं नव्हतं. हा दोष त्यांचा म्हणावा की नोकरीचा, हे देवालाच ठाऊक. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये ते छापलेल्या नोटांचे ताव तपासायला होते. ताव हातात घ्यायचा, उजेडाकडे जरा तिरपा धरायचा, कुठे शाई फुटली, रेघ सरकली, ठिपका पडला की लाल पेन्सिलीने खूण करून तो बाजूला ठेवायचा. काही सापडलं नाही तर तोंडातल्या तोंडात 'पास' म्हणायचं आणि पुढचा घ्यायचा. तरुणपणापासून दिवसभर हेच केलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन वेगळं काय करणार? मेथीची जुडी असो, शिवून आलेलं पोलकं असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, जेल रोडच्या त्यांच्या घरात आलेली प्रत्येक गोष्ट आधी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली जाई. मग त्यातलं काय बिघडलंय ते सांगितलं जाई. वस्तू अगदीच बरी निघाली तर 'चालेल' म्हणत, आणि घरात तो सण समजत.

श्यामलाबाईंना या गोष्टीची सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून काही ती गोष्ट आवडत नाही. त्यातून एक सल जुना होता. सासरची मंडळी त्यांना बघायला आली तेव्हा दिवाकररावांनी पोहे खाल्ले, समोर बसलेल्या मुलीकडे एकदाच मान वर करून पाहिलं आणि आईने विचारल्यावर म्हणाले, "चालेल." श्यामलाबाईंच्या डाव्या भुवईत लहानपणी झोक्यावरून पडल्याची एक बारीकशी खोच होती, तिथे केस उगवत नसत. ते 'चालेल' त्या खोचेमुळेच, अशी त्यांची पक्की खात्री. भांडण झालं की, "मी काय बाई, 'चालेल'वर घरात आलेली," हे वाक्य ठरलेलं. त्यावर दिवाकरराव पेपर वर उचलून त्याच्याआड जात.

तर अशा या घरात, लेक अपूर्वा लग्न होऊन पुण्याला गेल्यावर, श्यामलाबाई एक दिवस मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आल्या. पन्नाशी उलटलेली, बालवाडीत पोरांना 'ये रे ये रे' शिकवणारी बाई. कॉलनीत हसू झालं. पण झालं असं की गाडी त्यांना चटकन जमली. शिकवणारा म्हणायचा, "बाई, तुमचा पाय फार जड पडतो हो, जरा हळू!" आणि श्यामलाबाईंना आतून गुदगुल्या होत. जन्मभर स्कूटरच्या मागच्या सीटवर एका अंगाला बसून, पदर सावरत, दुसऱ्याच्या वेगाने गेलेलं त्यांचं आयुष्य. आपल्या पायात वेग आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

लायसन्स हातात आलं आणि दोन हजार सातच्या दिवाळीनंतर त्यांनी बालवाडीच्या पगारातून साठवलेले पैसे पुढे केले. "जुनी घेऊ, पण घेऊ. दीड लाखाच्या वर जायचं नाही."

दिवाकररावांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. तरी गाडी बघायला तेच पुढे, तपासायची होती ना! देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याची गाडी चांगली होती, तर डिकीत कांद्याचा वास. एकीच्या टपावर रंगाला बारीक फोड. एकीच्या नंबरप्लेटचे दोन स्क्रू दोन जातीचे, म्हणून तीही रद्द. दरवेळी श्यामलाबाई तशाच स्कूटरवर बसून घरी येत. नवरा 'नको' म्हणत नाही, नुसता खोट काढतो. 'नको' म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं. असंच चाललं तर पैसे मुदत ठेवीत जातील आणि आपल्या पायातला तो वेग पायातच राहील, हे त्यांना दिसायला लागलं होतं.

मग ती गाडी आली. गंगापूर रोडच्या विश्वेश नावाच्या मुलाची, दोन दारांची चंदेरी झेन. कंपनीने तशा मोजक्याच काढल्या होत्या. मुलगा नोकरीला परदेशी निघाला होता, म्हणून विकत होता. "दोन दारांची म्हणजे कॉलेजच्या पोरांची गाडी. मागे बसायचं तर सर्कस," दिवाकरराव जायच्या आधीच म्हणाले.

"मागे कोण बसणार आहे? आपण दोघंच तर उरलोय," श्यामलाबाई म्हणाल्या.

ओळखीचा बारकू मिस्त्री त्याच्या एम-एटीवरून आधीच येऊन उभा होता. त्याला दिवाकररावांनी दरवेळचंच बजावलं, "तू आतलं बघायचं. बाहेरचं माझं." बारकूने बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, कान लावला, गाडीखाली सरपटून आला. "वहिनी, इंजिन लय भारी हे. पोरानं जीव लावलाय गाडीला. आतून काय म्हणून काय नाय."

श्यामलाबाई गाडीत बसल्या. सीट खाली, रस्त्याला टेकल्यासारखी. शेजारी दिवाकरराव, वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून. सोमेश्वरच्या रस्त्याला लागल्यावर तिसरा गिअर पडला आणि गाडी अशी सुटली की श्यामलाबाईंना हसूच फुटलं. ओठ दाबून हसणारी बाई ती, पण आज मान मागे टाकून मोठ्याने हसली. द्राक्षाचे मळे मागे पळत होते. परत येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं. इतकं मनापासून काही हवंसं त्यांना कितीक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि म्हणूनच खाली उतरायला त्यांचा पाय निघेना. आता हे तपासणार.

विश्वेश पुढे आला. "काका, तुम्ही बघायच्या आधी मला एक सांगायचंय..."

"काही सांगू नका. तपासणाऱ्याला आधी कुणी सांगायचं नसतं." दिवाकररावांनी त्याला हातानेच थांबवलं आणि नेहमीप्रमाणे गाडीभोवती फिरायला सुरुवात केली. मान तिरपी, हात पाठीशी.

श्यामलाबाईही त्यांच्या मागून फिरल्या, आणि डाव्या बाजूला येताच त्या जागीच थांबल्या. डावं दार वेगळ्याच रंगाचं होतं. म्हणजे चंदेरीच, पण गाडीपेक्षा एक छटा गडद. कुठेतरी घासलं असणार आणि नंतर रंगवलेलं. उन्हात इतकं उघड दिसत होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यानेही ओळखावं. संपलं, त्यांनी मनात म्हटलं. स्क्रूवरून गाडी नाकारणारा माणूस हे दार बघून काय करील?

दिवाकरराव दारासमोर उभे राहिले, वाकले, सरळ झाले. एकदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "पास."

विश्वेशचं तोंड उघडं ते उघडंच. मग दिवाकररावांनी खिशातून पाचशेची नोट काढून बाहेर आलेल्या विश्वेशच्या आईच्या हातावर विसार म्हणून ठेवली. त्या बाईंनी ती देवापुढे नेऊन ठेवली, साखर आणून सगळ्यांच्या हातावर घातली आणि सौदा झाला. बारकू एम-एटीला किक मारता मारता श्यामलाबाईंजवळ आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, साहेबांची तब्येत बरी हे ना?"

श्यामलाबाईंच्या हातावरची साखर तशीच राहिली. त्यांना सासरे आठवले. सासरे रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये. म्हातारपणी काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि वर्षभर त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. घाटाच्या पायऱ्या पायाला पाठ, संकल्प तोंडाला पाठ, यजमान आवाजावरून ओळखायचे. एक दिवस त्यांनी यजमानाच्या तळहातावर सोडायचं तीर्थ बाजूला पाटावर सोडलं, तेव्हा घराला कळलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की हे घराण्यात उतरतं, मुलाचे डोळे तपासत जा. दिवाकरराव म्हणाले होते, माझे डोळे सरकार रोज तपासतं.

बापाचा लेक, श्यामलाबाईंनी मनात म्हटलं. ह्यांना दिसत नाहीये, आणि हे सांगत नाहीयेत.

परतीचा स्कूटरचा प्रवास त्यांनी कसा केला ते त्यांनाच माहीत. मागे बसून, नवऱ्याच्या खांद्यावरून मान काढून, "रिक्षा आहे हं पुढे", "खड्डा, खड्डा", "अहो, ट्रक!" द्वारकेच्या चौकात दिवाकररावांनी स्कूटर बाजूला घेतली. "श्यामल, मला दिसतंय."

"हो हो, दिसतंयच की," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुरावे गोळा केले. शाईचा डाग असलेला शर्ट मुद्दाम इस्त्री करून ठेवला. दिवाकररावांनी तो निमूट घातला. लोणच्याच्या बरणीवर मुरांब्याचं झाकण बसवलं, काही नाही. करपलेली पोळी वाढली, ती त्यांनी खाल्ली आणि वर म्हणाले, "छान झालीये." एवढं ऐकल्यावर श्यामलाबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी वाकडं लावलं. दिवाकरराव त्याच्यापाशी थबकले, हात वर केला, क्षणभर डोळे घट्ट मिटून उभे राहिले आणि पुढे गेले. डोळे दुखत असणार, दुसरं काय. आणि हा माणूस रोज प्रेसमध्ये जाऊन नोटा तपासतोय! तिथे काही चुकलं तर जन्मभराच्या नावाला बट्टा. नाव गेलं तर हे खचतील, आणि नजर गेली तर? घराच्या खिडकीपाशी वस्तू तिरपी धरायला कुणी नसेल, या नुसत्या विचारानेच त्या रडल्या. ज्या सवयीला वर्षानुवर्षं वैतागल्या, तिच्याचसाठी रडल्या. माणसाचं असंच असतं.

त्या दुपारी त्यांनी विश्वेशला फोन केला. "बाळा, गाडी नको आम्हाला. तू दुसऱ्याला दे. विसार राहू दे तुझ्याकडे."

"काकू, त्या दाराचं मी सांगणारच होतो. आमच्याच फाटकाला घासलं होतं. हवं तर मी किंमत..."

"दाराचं नाही रे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांना पैसे डोळ्यांसाठी लागणार होते, हे एक. दुसरं असं की, नजर गेलेल्या माणसाने दिलेला 'पास' पदरात पाडून घ्यायचा, म्हणजे त्याच्या आंधळेपणाचा फायदा घेण्यासारखं झालं असतं. ते त्यांच्याने होणार नव्हतं. गाडी हवी होती, अजूनही हवी होती. सोमेश्वरचा रस्ता झोपेतसुद्धा पायाखाली येत होता. पण अशी नको.

शनिवारी, "माझा नंबर वाढलाय, सोबत चला," असं सांगून त्यांनी दिवाकररावांना शालिमारजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे गेल्यावर म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्हीही दाखवा. वडिलांचं होतं ना तसं." दिवाकररावांनी त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं, पण खुर्चीत बसले. श्यामलाबाई भिंतीशी उभ्या राहिल्या. हातातल्या पिशवीचे बंद त्यांनी बोटाला करकचून गुंडाळले होते.

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, उजेड टाकून आत बघितलं, तोंडाने 'हूं हूं' केलं. मग समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. "वाचा, काका. जमेल तितकं."

दिवाकररावांनी वरून खालपर्यंत सगळं वाचलं. अगदी तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळसुद्धा. आणि वाचून झाल्यावर जरा घुटमळले. "डॉक्टर, रागावू नका, पण एक सांगू का? चौथ्या ओळीतल्या 'ग'ची काडी वरच्या टोकाला फुटलीये. आणि सहावी ओळ सबंध केसभर डावीकडे उतरलीये. छापताना ताव सरकला असणार."

डॉक्टर उठले, चष्मा कपाळावर चढवून तक्त्याला नाक लावून उभे राहिले. "अहो खरंच की! इतकी वर्षं मी हा तक्ता दाखवतोय..." ते हसायलाच लागले. "काकू, काळजी कसली करताय? दाब अगदी ठीक आहे. ही नजर मला मिळाली असती तर मी पेशंटकडून फीच घेतली नसती."

श्यामलाबाई मात्र भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडत होत्या.

खाली स्कूटरपाशी आल्यावर दिवाकररावांनी विचारलं, "काय झालंय तुला? आठवडाभर बघतोय."

"मग दार का नाही दिसलं तुम्हाला?" त्या जवळजवळ ओरडल्याच. शेजारचा केळीवाला बघायला लागला. "डावं दार! सगळ्या जगाला दिसलं! बारकूला दिसलं!"

"दिसलं की. एक छटा गडद आहे. खालच्या कडेला रबरावर रंगाचा शिंतोडाही उडालाय, तो तुला दिसला नसेल."

"आणि शर्टावरचा डाग?"

"दिसला."

"पोळी? झाकण? कॅलेंडर?"

"कॅलेंडरचं नाव नको काढूस," दिवाकरराव कळवळून म्हणाले. "त्याच्यासमोरून जाणं फार जड गेलं मला. डोळे मिटून गेलो."

"मग बोलला का नाहीत? पास का म्हणालात?"

दिवाकररावांनी स्कूटरच्या आरशावरची धूळ अंगठ्याने पुसली. हा माणूस बोलणाऱ्यातला नव्हे, त्यामुळे वेळ लागला. "त्या सोमेश्वरच्या रस्त्याला तू हसलीस ना. तशी हसतेस तू, हे मला माहीतच नव्हतं, श्यामल. एवढी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. सगळ्या गोष्टींत काय बिघडलंय तेवढंच बघत राहिलो, तर हे बघायचंच राहून गेलं. मग खाली उतरून ते दार नीट पाहिलं. आधीच्या गाडीचे स्क्रू आठवले आणि लाज वाटली. म्हटलं, दार गेलं खड्ड्यात. आणि त्या दिवसापासून ठरवलं, घरात तरी लाल पेन्सिल काढायची नाही."

"आणि मी समजले तुम्ही आंधळे झालात!"

"एकदा पास म्हटलं तर आंधळा?" त्यांना हे खरंच लागलेलं दिसलं. मग स्वतःशीच मान हलवून ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. दुसरं काय समजशील?"

तेव्हा श्यामलाबाईंना फोन आठवला. "अहो, मी गाडी नको म्हणून कळवलं त्यांना. परवाच. गेली असेल ती."

दिवाकररावांनी किक मारली. गंगापूर रोडपर्यंत श्यामलाबाईंनी ना खड्डा सांगितला ना ट्रक. फाटक उघडंच होतं आणि आत गाडी उभी होती, डावी बाजू रस्त्याकडे करून. ते गडद दार दिसताच श्यामलाबाईंनी चालत्या स्कूटरवरून उतरायचंच बाकी ठेवलं.

"कॉलेजचा एक मुलगा दोनदा येऊन गेला," विश्वेश म्हणाला. "पण आई त्याला गाडीला हात लावू देईना. म्हणाली, विसार देवापुढे आहे, तो ज्याचा त्याच्या हातात परत गेल्याशिवाय सौदा मोडत नाही. फोनवर कसला मोडता?" आतून त्याची आई ती पाचशेची नोट घेऊन आली होती. श्यामलाबाईंनी तिच्या हाताची मूठ मिटवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

कागदपत्रं व्हायला वेळ होता, पण विश्वेशने किल्ली पुढे केली, "एक चक्कर मारून या, काकू." संध्याकाळचं ऊन मळ्यांवर तिरपं पडलं होतं. दिवाकररावांनी या खेपेला हँडल एकाच हाताने धरलं होतं.

"दार रंगवून घेऊ या का?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"राहू दे. गर्दीत आपली गाडी पटकन ओळखू येईल."

मग रस्त्यावरची नजर न काढता श्यामलाबाईंनी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं. "मग मला बघायला आलात तेव्हा 'चालेल' का म्हणालात?"

"आईसमोर 'पास' म्हणायची लाज वाटली. प्रेसमध्ये नुकताच लागलो होतो, दुसरा चांगला शब्द येतच नव्हता मला."

"आणि ही भुवई? ही दिसली नव्हती?"

दिवाकरराव त्यांच्याकडे वळले. मान तिरपी केली, घरी खिडकीपाशी करत तशीच.

"सगळ्यात आधी तीच दिसली होती," ते म्हणाले, "आणि मग दुसरीकडे कुठे बघवेचना."

श्यामलाबाईंनी ओठ दाबले, पण हसू आवरेना, आणि त्यांचा पाय आपोआप जड पडला.